डावीकडून कुणीच येत नाही

एकतीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या चिठ्ठ्या जुळल्या, आणि तिथेच आमच्या कार्यक्रमानं मान टाकली.

इंटरनेटवरच्या त्या कार्यक्रमाचं नाव 'दोन चिठ्ठ्या'. मी, शिरीष कवठेकर, सांगलीतून बोलायचो आणि अल्ताफ सतारमेकर मिरजेतून. विषय एकच, व्हिडिओ गेम. दोघांनी एकच गेम आपापल्या घरी खेळायचा, दहापैकी किती गुण ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि रविवारी सकाळी दहा वाजता श्रोत्यांच्या साक्षीनं चिठ्ठ्या उघडून तासभर भांडायचं. नियम कडक होता: गेम सुरू केल्यापासून चिठ्ठी उघडेपर्यंत त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. लग्नाआधी नवरा-नवरीनं एकमेकांना पाहू नये, तसला हा नियम. फरक इतकाच, की आमचं एकतीस वर्षं टिकलं.

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचं खूळ असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी कॅलेंडर बघावं. सन २०४२ चालू आहे. ज्या पोरांना नव्वदच्या सुमारास 'डोळे फुटतील' म्हणून ओरडा बसायचा, ती आता साठीच्या पलीकडे आहेत. माझा एक गुडघा बदललाय, दातांपैकी निम्मे दुसऱ्या कुणीतरी बनवलेत, अंगठे मात्र मूळचेच आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगतो, लोड होतंय.

भांडणाची सुरुवात 'शिओमाची' नावाच्या एका जपानी गेमवरून झाली. शिओमाची म्हणजे भरतीची वाट बघणं. एक बंदर आहे, तिथली भरती अचानक यायची थांबलीय, जहाजं चिखलात रुतलीत. आपण तिथले नावाडी. हातात तलवार नाही, वल्हं. त्या वल्ह्यानं भुताखेतांशी लढत, थोडं थोडं शहाणं आणि बळकट होत, भरती कुणी चोरली ते शोधायचं. तिसऱ्या पुलावर एक म्हातारी भेटते. ती दोन्ही बाजूंनी पेटते कंदील फेकते, आणि आपण मरतो. पुन्हा जातो, पुन्हा मरतो.

मी तेव्हा एका मराठी संकेतस्थळावर परीक्षण लिहिलं: उत्कृष्ट, नऊ. अर्ध्या तासात खाली एका अनोळखी इसमाचा प्रतिसाद आला.

'चूक. साफ चूक. साडेचार. पुलावर गेममधला कॅमेरा भिंतीत घुसतो आणि कंदील दिसत नाही. मी एकशे चौदा वेळा मेलोय, मला माहीत आहे.'

मी लिहिलं, माणसाला सगळं दिसू नये हीच तर त्यातली कला आहे. त्यानं लिहिलं, तुम्हाला कळतं कमी आणि आवडतं जास्त. अशा रीतीनं आमची मैत्री झाली.

अल्ताफचं घराणं सतारी बनवणारं. तो दिवसभर भोपळे आणि तारा यांच्यात आणि संध्याकाळी जपानात. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटर, पण नियमापायी आम्ही फार भेटायचो नाही. वर्षातून दोनदा. ईदला मी शीरखुर्म्याला जायचो, दिवाळीला तो माझ्याकडे विकतचा फराळ खाऊन 'चकली मऊ आहे' म्हणून जायचा. बाकीचं प्रेम आम्ही रविवारी दहा वाजता उरकायचो.

आणि मग दीड वर्षापूर्वी तोच गेम नव्यानं आला.

नव्या 'शिओमाची'बरोबर मनगटाला बांधायची एक पट्टी यायची. ती नाडी मोजायची आणि कातडीवरचा घाम टिपायची. टीव्हीच्या वर एक बारीक कॅमेरा. तो आपल्या डोळ्यांची बाहुली कुठे वळते आणि कुठे वळतच नाही, हे बघायचा. यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपला मेंदू कायम पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत बसलेला असतो. अंदाज तंतोतंत खरा ठरला की कंटाळा येतो, अगदीच चुकला की वैताग. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक बारीकशी जागा असते, तिथे माणूस 'वा' म्हणतो. ती जागा ज्याची त्याची वेगळी, मिसळीच्या तिखटासारखी. आजवर गेम बनवणारे सगळ्यांसाठी एकच तिखट ठरवायचे आणि निम्मे लोक रडायचे. हे नवं यंत्र दर चाळीस सेकंदांनी आपली नाडी बघून पुढची चाळीस सेकंदं ताजी रचायचं. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. हॉटेलातला जुना वेटर जसा न बोलता आपल्यापुढे आपली नेहमीची थाळी आणून ठेवतो, तसं.

ते ऐकायचंही. आणि इथे आम्ही दोघांनी एक चूक केली, जी परीक्षण लिहिणाऱ्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

साधा माणूस गेम मुकाट खेळतो. परीक्षण लिहिणारा बडबडत खेळतो. हातात रिमोट असल्यामुळे लिहिता येत नाही, म्हणून तो दोष मोठ्यानं म्हणून ठेवतो. माझ्या घरात दुसरं कुणी नसल्यामुळे मला त्यात संकोचही नव्हता. "पहिला पूल फार लांब," मी म्हणायचो. "कोळीण तीच तीच वाक्यं बोलते. धुकं स्वस्तातलं." दुसऱ्या दिवशी पूल आखूड व्हायचा. कोळीण नवं काही बोलायची. धुकं असं यायचं की मी शाल घ्यायचो. मला वाटलं, कंपनी भलतीच तत्पर आहे. तीन आठवड्यांनी चिठ्ठी लिहायला बसलो तर वहीत दोषाच्या रकान्यात काही नव्हतं. लिहिलं, दहा. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या रविवारी मी चिठ्ठी उघडली.

"दहा," मी म्हणालो.

अल्ताफच्या बाजूनं कागद उलगडल्याचा आवाज आला.

"कवठेकर साहेब," तो म्हणाला. माइकवर आम्ही अहो-जाहो करायचो. "तुमचा कागद माझ्याकडं कसा आला?"

"का? तुमच्यावर किती आहे?"

"दहा."

"कुठे अर्धा वगैरे?"

"नाही ओ. दहा."

त्यानंतर अकरा सेकंद कुणी बोललं नाही. ते मी नंतर मोजले. अकरा सेकंद ऐकायला फार असतात.

"दोष काय काढलेत?" मी विचारलं.

"होते तसे. सांगायला तोंड उघडलं की जायचे."

"माझेही."

"मग आता तासभर काय करायचं?"

"काय करणार."

"सांगलीला हवा कशी आहे?" अल्ताफ म्हणाला.

श्रोत्यांची पत्रं आली. इचलकरंजीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'तुम्ही मारामारीचं काय म्हणत होता ते कळलं नाही. माझ्या शिओमाचीत कुणी कुणाला मारत नाही. मी बंदरावर खाणावळ चालवते. दहा गुण.' जतच्या एका निवृत्त फौजदारांच्या बंदरात सगळे त्यांना बघून उभे राहत होते. दहा गुण. एका गृहस्थाच्या गेममध्ये भरती पहिल्या पाच मिनिटांतच आली, आणि मग तो तीन आठवडे काठावर पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याचेही दहा.

जगभर हेच झालं. सगळ्या परीक्षणांची सरासरी काढणारं एक संकेतस्थळ होतं, त्यावर सलग नऊ महिने दहाचा आकडा राहिला. मग त्यांनी तो आकडा काढून तिथे फुलाचं चित्र टाकलं. पुढे प्रत्येक नवा गेम याच यंत्रावर येऊ लागला. पूर्वी आम्ही सगळे एकच गेम खेळून वेगवेगळी मतं देत होतो. आता सगळे वेगवेगळे गेम खेळून एकच मत देत होते. लोक सुखी होते. सुखी माणसांना परीक्षणं लागत नाहीत, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

'दोन चिठ्ठ्या' आणखी चार रविवार चालला. शेवटच्या रविवारी सत्तावीस श्रोते होते, त्यांतले दोन आम्ही.

कार्यक्रम बंद झाल्यावर अल्ताफ फोन करायचा. फोनवर तो 'साहेब' सोडून मूळ पदावर यायचा.

"काय करायलायस, शिऱ्या?"

"खेळतोय."

"मी पण. बरं चाललंय. माझ्यात आता सगळे समोरून येतात बघ. भुतंसुद्धा. समोर येऊन उभी राहणार, मग वार करणार. सभ्य माणसं."

"छान आहे."

"परवा बाजारात हातगाडीवर आपटलो. केळी सगळी रस्त्यावर. गाडीवाला म्हणतो, आंधळा हैस का? म्हटलं, लेका, तू उगवलास कुठनं?"

मी हसलो. तोही हसला. मग दोघांकडेही बोलायला काही उरलं नाही. त्याचा गेम मी पाहिलेला नव्हता, माझा त्यानं. तुझ्या घरी आज भाजी कुठली, एवढ्यावर किती वेळ बोलणार? फोन आठवड्यावरून पंधरवड्यावर गेला.

घर शांत झालं. मी शांततेला भिणारा नाही. खात्यात असताना महिनोन् महिने धरणाच्या गेस्ट हाऊसवर एकटा राहिलोय. पण रविवारी सकाळी दहा वाजता मला उगाच घसा साफ करायची सवय लागलेली होती. घसा साफ व्हायचा आणि मग मी गप्प बसायचो.

त्या दिवसांत माझ्या गेममध्ये जोकिची आला.

जोकिची हा कंदील दुरुस्त करणारा म्हातारा. तिसऱ्या पुलाखाली बसायचा. पहिल्या भेटीत मी त्याच्याजवळ सहज बोललो, "ही पुलावरची म्हातारी कठीण आहे, पण न्याय्य आहे."

जोकिचीनं कंदिलावरची नजर काढली नाही. "चूक," तो म्हणाला. "साफ चूक."

माझी नाडी किती झाली ते पट्टीलाच माहीत.

त्या यंत्राला अल्ताफ ठाऊक नव्हता. मी पुढे चौकशी केली, आमचे जुने कार्यक्रम त्याच्या पोटात नव्हते. त्याची गरजही नव्हती. चावीवाला जसा कोरी चावी कुलपात घालतो, काढतो, घासतो, पुन्हा घालतो, तसं ते चाळीस चाळीस सेकंदांनी माझ्यात एकेक माणूस घालून बघत होतं. गोड माणूस घातला, मनगट थंड. शहाणा घातला, थंड. मग एक तुसडा घातला आणि कुलूप फिरलं.

जोकिची प्रत्येक गोष्टीत मला खोडून काढायचा. गेमबद्दल, जपानबद्दल, चहात साखर किती यावरून. कधी कधी मी जिंकायचो. आता आठवलं तर वाटतं, बरोबर जेव्हा जिंकायला हवा असायचो तेव्हा. सकाळी दात घासतानाच मी त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरवायचो. दोनदा अल्ताफचा फोन वाजला तेव्हा जोकिचीचं वाक्य अर्ध्यावर होतं. नंतर करू म्हटलं.

पुढचा फोन उचलला.

"जुनं मशीन काढलंय," अल्ताफ म्हणाला. "एकतीस वर्षांपूर्वीचं. चालू झालं, शिऱ्या. त्यात जुनी शिओमाची आहे. रविवारी ये. म्हातारीला हरवू."

"नवी असताना जुनी कशाला?"

"नव्याला जवारी नाही रे."

सतारीच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार कापताना घोडीला किंचित लागत राहील. अजिबात लागली नाही तर आवाज मुका, जास्त लागली तर चिरका. त्या लागण्याला जवारी म्हणतात. अल्ताफच्या बोटांतली जवारी ऐकायला लांबून लोक यायचे.

"या रविवारी नाही जमायचं," मी म्हणालो. जोकिचीबरोबर चौथ्या पुलाचं ठरलं होतं.

तो रविवार गेला. पुढच्या रविवारी मी गुडघ्याचं कारण दिलं. त्याच्या पुढच्या वेळी पावसाचं, आणि ते मिरजेच्या माणसाला दिलं, जिथे पाऊस पडत नव्हता. चौथ्यांदा अल्ताफनं बोलावलंच नाही. महिनाभर फोन आला नाही, म्हणून मी उठलो आणि बसनं मिरजेला गेलो.

तो दुकानात घोडी घासत बसला होता. समोरच्या भिंतीला ओळीनं टांगलेले भोपळे. मी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. त्यानं वर बघितलं नाही. मला वाटलं, रागावलाय. रास्त होतं. मी खाकरलो तेव्हा तो एवढा दचकला की कानस खाली पडली.

"हाऽऽ! भुतासारखा येतोस काय!"

"केव्हाचा उभा आहे."

"मग बोलायचं नाही होय? ये. बस. रुखसाना, चहा टाक गं, सांगलीचे साहेब आलेत. गुडघा बरा झाला वाटतं. पाऊस थांबला वाटतं."

आतल्या खोलीत जुनं मशीन लावलेलं होतं. पंख्यासारखा आवाज करत होतं. पडद्यावर ती ओळखीची निळी अक्षरं आली, आणि मला लाजिरवाणं वाटेल इतकं भरून आलं. मागून वाद्य वाजत होतं, तेही बेसूर. एकतीस वर्षं बेसूर होतं आणि कुणी दुरुस्त केलेलं नव्हतं.

"तीन आठवडे पहिल्या अंगणातच अडकलोय," अल्ताफ म्हणाला. "बघ तू. गेम फालतू आहे. तेव्हाही म्हणालो होतो."

पहिलं अंगण म्हणजे खेळाची बालवाडी. चार दगडी दिवे, एक विहीर, डावीकडच्या भिंतीवर एक धनुर्धारी भूत. ते बाण मारतं, आपण बाजूला व्हायचं. बस. मी बहिणीच्या नवऱ्याला हे अंगण एका हातानं चहा पीत पार करताना पाहिलेलं आहे.

अल्ताफ चार पावलं गेला. बाण आला. तो मेला.

"बघितलंस? कॅमेरा! तोच कॅमेरा! बाण दाखवतच नाही."

"चूक," मी म्हणालो. "दिसतोय की स्वच्छ."

"कुठं दिसतोय?"

"भिंतीवरून निघतो. लाल शेपूट आहे त्याला."

"साफ चूक. बाण येतच नाही, नुसता मी मरतो."

"अहो सतारमेकर, तुम्हाला खेळता येत नाही तर तसं सांगा."

"तू खेळ मग!"

मी खेळलो. बाण आला, मी बाजूला झालो. अल्ताफ ओरडला, "हे बघ, उगाच बाजूला झालास! काही आलंच नव्हतं!" रुखसानाभाभी चहा घेऊन दारात उभ्या राहून हसत होत्या. दीड वर्षानं आम्ही दोघं एकाच भिंतीवर डोकं आपटत होतो. मला इतका आनंद झाला होता की मी सांगू शकत नाही. मी टाळ्या पिटल्या. "अजून एकदा मर," मी म्हणालो. "अजून एकदा. यावेळी बाणाकडे बघून मर."

तो मेला. सहाव्यांदा की सातव्यांदा. आणि त्या वेळी मी पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होतो. बाण अख्खा पडदा ओलांडून आला. अल्ताफचे डोळे हलले नाहीत.

मी टाळ्या थांबवल्या.

"अल्ताफ," मी म्हणालो. "समोर बघ. मान हलवू नकोस." मी त्याच्या डाव्या कानाजवळ हात धरला आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणू लागलो. "दिसली की सांग."

"काय दिसली की?"

माझी बोटं त्याच्या नाकासमोर येईपर्यंत तो वाट बघत होता.

"हां," तो म्हणाला. "आता."

भाभींनी बशी खाली ठेवली.

अल्ताफनं रिमोट खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "तुझ्या त्या नव्यात... डावीकडनं येतात लोक?"

"येतात. जास्त करून डावीकडूनच."

"माझ्यात दीड वर्षात कुणीच डावीकडनं आलेलं नाही," तो म्हणाला.

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं आणि ठिपके दाखवले. काचबिंदू. तो दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर थोडी थोडी खाऊन टाकतो, आणि जिथे दिसत नाही तिथलं चित्र मेंदू आपल्या पदरचं भरून देतो. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं. म्हणून घोडी घासताना त्याला काही कळलं नाही. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. उजव्याची नाकाकडची बाजू.

"हल्ली असे फार येतात," बाई म्हणाल्या. "पूर्वी निदान खेळताना तरी लक्षात यायचं. आता गेम सांभाळून घेतात."

गेमनं काही कपट केलं नव्हतं. त्याच्या हिशेबी सरळ होतं. डावीकडे काहीही घडलं तरी या माणसाची बाहुली वळत नाही, नाडी वाढत नाही. म्हणजे याला डावी बाजू आवडत नाही. म्हणून त्यानं एकेक करून सगळ्यांना डावीकडून उठवलं आणि समोर आणून उभं केलं. भुतंसुद्धा. सभ्य माणसं.

"गेलेली परत येईल?" अल्ताफनं विचारलं.

"नाही. आहे ती थेंबांनी धरून ठेवू. दीड महिना आधी आला असता तर उजव्याचा आणखी थोडा तुकडा वाचला असता."

दीड महिना. गुडघा, पाऊस आणि चौथा पूल.

दुपारच्या बसनं सांगलीला परत आलो. घर होतं तसंच होतं. काय करावं ते सुचेना तेव्हा माणूस सवयीचं करतो. मी पट्टी बांधली.

जोकिची पुलाखाली बसलेला होता. कंदिलाची काच पुसत होता.

"उशीर केलात," तो म्हणाला.

"जोकिची," मी म्हणालो, "माझ्या मित्राची नजर गेली. त्यानं मला सांगितलं होतं, सगळे समोरून येतात म्हणून. मी एकतीस वर्षं गेममध्ये दोष काढत आलो, आणि त्या वाक्यात मला दोष दिसला नाही. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की माझ्यात डावीकडून येतात. नंतर त्यानं तीनदा बोलावलं. मी तुझ्याबरोबर बसून राहिलो. चूक माझी आहे."

जोकिचीनं काच पुसायची थांबवली. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे वर बघितलं. मनगटावरची पट्टी किंचित गरम झाली.

"चूक," तो म्हणाला. "साफ चूक. यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला कसं कळणार?"

आवाज तोच. शब्द तेच. आणि खरं सांगतो, ते ऐकून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. अगदी बरोबर तेवढंच उतरलं, जेवढं उतरावं असं मला वाटत होतं. चाळीस सेकंदांत.

मी पट्टी काढली. जोकिची पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. टीव्ही बंद केल्यावर काचेत खुर्ची दिसली, आणि खुर्चीत एक म्हातारा.

फोन लावला. पलीकडे कानशीचा आवाज येत होता.

"अल्ताफ. चूक माझी होती."

"कशाबद्दल म्हणतोयस?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. समोरून येणारी माणसं, न सांगितलेलं वाक्य, तीन रविवार. गुडघा खोटा होता हेही सांगितलं. कानस कधीच थांबली होती. मी वाट बघत राहिलो. अकरा सेकंद झाले असतील, जास्तही.

"होय," तो म्हणाला. "तुझीच."

मी आणखी थांबलो. पुढे 'पण' येईल असं वाटलं होतं. आला नाही.

"हातगाडीवर आपटलो तेव्हा मला कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "ती माझी. तुझी तुझ्याकडं ठेव."

"ठेवतो."

"आणि तो पुलावरचा कॅमेरा फालतूच आहे. डोळ्यांचा नि त्याचा काही संबंध नाही. साडेचार म्हणजे साडेचार."

"नऊ," मी म्हणालो. माझा आवाज नीट निघाला नाही.

"रडतोयस होय?"

"नाही."

"चूक," अल्ताफ म्हणाला. मग कानस पुन्हा सुरू झाली, बारीक, एका लयीत. "रविवारी ये, शिऱ्या. दहाला. आणि समोर बसू नकोस. डावीकडं बस."